शुक्रवार-शनिवारची रजा

माझा आवडता बँड फुटल्याची बातमी सकाळी साडेसातला आली आणि पावणेआठला आमच्या घरात त्यांच्या कार्यक्रमासाठी काढलेल्या माझ्या रजेची वाटणी सुरू झाली.

"म्हणजे कार्यक्रम रद्दच ना?" नवऱ्याने विचारलं. तोंडात ब्रश होता, तरी चेहरा उजळलेला लपत नव्हता. "मग शुक्रवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आण. शनिवारी माळा आवरून होईल."

"सुटलीस बाई," सासूबाईंनी री ओढली. "एवढ्या लांब एकटीनं जायचं म्हणजे जिवाला घोरच होता."

त्यांच्या जिवाला की माझ्या, हे मी विचारलं नाही. मी दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावत होते आणि मला रडू येत होतं. बँडमधल्या चौघांनी मिळून चार ओळींचं पत्रक काढलं होतं. 'आम्ही परस्पर संमतीने थांबत आहोत.' एकोणीस वर्षं ज्यांची गाणी मी तोंडपाठ केली, त्यांना शेवटी बँकेच्या नोटिशीसारखी भाषा सुचावी, याचाही राग आला.

त्यांना मी कधी प्रत्यक्ष ऐकलं नव्हतं. दर वेळी काहीतरी आडवं यायचं. कधी परीक्षा, कधी बाळंतपण, कधी सासऱ्यांचं ऑपरेशन. या वेळी मात्र तीन महिने घरात हप्त्याहप्त्याने सांगत होते, की मी जाणार, एकटी जाणार आणि एक रात्र तिथेच राहणार. नवरा त्यांना 'तुझे ते झिपरे' म्हणतो. झिपऱ्यांसाठी का होईना, हो म्हणाला होता.

दवाखान्यात माझं काम कान तपासायचं. फोनच्या जुन्या बूथएवढी एक खोली आहे, भिंतींना जाड स्पंज, दाराला रबर. माणूस आत हेडफोन लावून बसतो, मी काचेबाहेर यंत्रापाशी. मी बारीक बीप सोडायची, त्याला ऐकू आली की त्याने बटण दाबायचं. त्या दिवशी एका छापखान्याचे आठ कामगार वार्षिक तपासणीला आले होते.

सकाळपासून डोक्यात एकच गाणं घोळत होतं. शब्दांच्या तपासणीसाठी यंत्राला बाहेरची एक वायर असते, तिच्यातून रेकॉर्ड केलेले शब्द रुग्णाच्या कानात जातात आणि माझ्याही. त्या वायरला मी माझा फोन जोडला, रुग्णाच्या बाजूची चकती शून्यावर आणली आणि माझ्या कानात गाणं लावून कामाला लागले. असं मी कधीच करत नाही. त्या दिवशी केलं.

सात जणांची तपासणी झाली. आठवी होती पुस्तक-बांधणीतली एक मुलगी, महिन्यापूर्वीच लागलेली. ती बीप नसतानाही बटण दाबायची आणि बीप आली की गप्प बसायची. दोनदा समजावलं. शेवटी तिच्या कागदावर 'उत्तरं भरवशाची नाहीत' असा शेरा मारला.

बाहेर आल्यावर ती घाबरत म्हणाली, "ताई, बीप कोणती आणि गाणं कोणतं, तेच कळेना. गाणं पण तपासणीतलंच होतं ना?"

मी चकतीकडे पाहिलं. शून्य म्हणजे बंद नव्हे. शून्य म्हणजे चांगल्या कानाला जेमतेम ऐकू येईल इतका आवाज. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा, मी दरवर्षी नव्या मुलींना शिकवते. बाकीच्या सातांचे कान यंत्रांच्या खडखडाटाने थोडेफार गेलेले, त्यांना काही जाणवलं नसेल किंवा ते बोलले नसतील. हिचे कान इतके लख्ख होते, की हिलाच मी नापास केलं होतं. त्या शेऱ्यावर तिला नोकरीत कायम करणं अडलं असतं.

हात दाखवून अवलक्षण, पण दुसरा इलाज नव्हता. मी तिला घेऊन मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. मॅडम कानाच्या मोठ्या डॉक्टर, बोलायला गोड. ओरडल्या नाहीत. छापखान्याला फोन लावला.

"आठही जणांची तपासणी पुन्हा करायची," फोन ठेवून त्या मला म्हणाल्या. "त्यांची यंत्रं शुक्रवार-शनिवारी बंद आहेत, तेव्हाच सोडतील म्हणे. तू आहेसच."

"त्या दोन दिवशी माझी रजा आहे मॅडम."

"अगं, पण ते फुटले ना? सकाळी तूच सांगत होतीस."

"हो. तरी रजा हवीय."

"बरं," त्या म्हणाल्या. माझा अर्ज समोर ओढून त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलेलं खोडलं आणि पेन तिथेच धरलं. "मग काय लिहू? कुठे जायचंय?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. मी काही सांगितलं असतं तरी त्यांनी लिहिलं असतं. ती मुलगीही माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं आणि काही सुचेचना. घरातून निघायचंय, एवढंच मला ठाऊक होतं. इतकी वर्षं गाणी आवडतात म्हणून तिथे जायचंय, असं मी स्वतःलाही सांगत आले होते. गाणी तर सगळी फोनमध्ये होती, एकही कमी झालं नव्हतं. गेलं होतं ते घरी सांगता येईल असं कारण, आणि माझ्याजवळ दुसरं नव्हतं.

"कुठे नाही," मी म्हटलं. "दोन्ही दिवस कामावर येते मी."

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या आणि अर्ज फाडून टोपलीत टाकला.