रामराव पाटलाची सीतादही

धनजच्या रामराव पाटलाने माणसं राबवली, कमावली मात्र नाहीत. आणि प्रयागबाईला त्याचा सूड घ्यायचा होता. सरळच सांगितलेलं बरं, आडपडदा कशाला?

मागच्या कार्तिकात तिची धाकटी बहीण गोजराबाई पाटलाच्या वावरात कापूस वेचत असताना तिला साप चावला. बैलबंडी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जुंपून उभी होती, पण कापसाने भरलेली, कारंज्याच्या बाजाराला निघालेली. "काटा रुतला असंन, चालत जाय," असं म्हणून पाटलाने बैल हाकले. गोजराबाई नाल्यापर्यंतही पोचली नाही. तेरवीलाही हा मेला फिरकला नाही! तेव्हापासून प्रयागबाईच्या पोटात आग पेटलेली.

वेचणाऱ्या वीस बायांची ती म्होरकी. वेचणीची रीत अशी, की पहिल्या दिवशी म्होरकी वावरात सीतादही करते, म्हणजे सीतामाईच्या नावाने दहीभात शिंपडते. जिच्या हातचा दहीभात त्या मातीत पडला, ते वावर तिच्या टोळीचं. तिने सोडल्याशिवाय दुसरी टोळी तिथल्या बोंडाला हात लावत नाही, कुणी कितीही आमिष दाखवो.

यंदा रामरावाचा निरोप आला तेव्हा बायांना वाटलं, ही आता त्याच्या तोंडावर थुंकते. कसलं काय! ती हसत गेली. एरवी मालक स्वतः दही घेऊन येतो, बायांना जेवू घालतो. रामरावाने गड्याच्या हाती आंबटढाण दही धाडलं. प्रयागबाईने तेच चारी कोपऱ्यांत शिंपडलं, हात जोडले आणि टोळी घेऊन धुरा ओलांडून शेजारच्या जगदेवच्या वावरात शिरली.

जगदेव काही मोठा असामी नव्हता. पण लेकरांसाठी कडुनिंबाला झोळ्या बांधायचा, माठ भरून ठेवायचा, कुणाच्या पोरीला ताप आहे ते नावानिशी विचारायचा. त्याच्याकडे बाया गाणी म्हणत वेचायच्या आणि बोंडात धागाही मागे ठेवायच्या नाहीत. कुणाला सांगावं लागत नसे.

पाच दिवसांत रामरावाचं वावर पांढरंफेक फुटलं. त्याने मानोऱ्याकडून टोळी आणवली. सीतादही कोणाच्या हातची, एवढं विचारून ती आल्या पावली परतली. सहाव्या दिवशी आभाळ भरून आलं आणि पाटील स्वतः धावत आला. रिकाम्या बंडीत गादी अंथरलेली, सोबत गुळाची भेली अन् नवा कोरा माठ. जगदेवचं बघून शिकला होता, गधडा!

"चाला वं बायांनो. तुमी माह्या लेकीसारख्या. पान्यात सारं वावर जाईन माहं."

बाया चुळबुळल्या. सोजरबाईने तर निघायला म्हणून कापूस वेचायची कमरेची ओटी सोडलीसुद्धा. प्रयागबाईलाही क्षणभर उभ्या पिकाची दया आली. मग तिने त्या रिकाम्या बंडीकडे पाहिलं, आणि आग पुन्हा भडकली.

"येतो ना, पाटील," ती म्हणाली. "एकच सांगा. मांगच्या साली तुमच्या वावरात माही बहीन मेली. तिचं नाव काय होतं?"

चार सालं गोजराबाईने त्याचा कापूस वेचला होता. कुणीतरी सुचवील म्हणून रामराव एकेका बाईच्या तोंडाकडे पाहू लागला. एकीचाही ओठ हलला नाही. जगदेव बोलायला गेला, तर प्रयागबाईने त्याच्यावर डोळे वटारले.

"ते... सोजरा," रामराव चाचरत म्हणाला.

"सोजरा तं मी आहो, पाटील," असं म्हणून सोजरबाईने सोडलेली ओटी पुन्हा कमरेला बांधली.

बाया पुन्हा जगदेवच्या तासाला, कापसाच्या ओळीला लागल्या. दुपारी पाऊस कोसळला तोवर जगदेवचा सगळा कापूस घरात गेला होता. बाया कडुनिंबाखाली पळाल्या. प्रयागबाई मात्र भिजत धुऱ्यावर उभी राहिली आणि रामरावाचा कापूस चिखलात जाताना डोळे भरून पाहत राहिली.