मधली ओळ

हवोन शहराच्या तीन अंगांना डोंगर आणि चौथ्या अंगाला नदी. एके काळी इथला तांदूळ, रेशमाचे कोष आणि वाळवलेले पर्सिमन आगगाडीनं देशभर जायचे. आता आगगाडीनं माणसं जातात, तीही एकाच दिशेनं. पर्सिमनची केशरी फळं अजून मुबलक पिकतात, पण ती सोलून वाळवायला दोरीला टांगायला हात मिळत नाहीत.

या शहराच्या वॉर्ड कचेरीत, रहिवासाच्या नोंदीच्या खिडकीवर प्यो दल्सू बत्तीस वर्षं बसत होता. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. गेल्या नोव्हेंबरात वरून फर्मान आलं: लोकसंख्या एक लाखाच्या खाली घसरली तर शहराची सरकारी खाती कमी होतील, निधी आटेल, तेव्हा प्रत्येक कर्मचाऱ्यानं वर्षअखेरीपर्यंत तीन माणसांचा पत्ता हवोनला आणावा. भिंतीवर रोजचा आकडा लागू लागला. कुणी घरातल्या मृत्यूची नोंद करायला आलं की सगळे आधी आकड्याकडे बघत आणि मग त्या माणसाकडे.

दल्सूनं एक मेहुणा आणला, एक पुतण्या आणला. तिसरं माणूस काही मिळेना. शेवटी त्यानं कचेरीतूनच राजधानीत, सोलला राहणाऱ्या मुलीला फोन लावला. हेइन नऊ वर्षं तिथल्या एका दातांच्या दवाखान्यात नोकरी करत होती आणि अर्ध्या तळघरातल्या खोलीत राहत होती.

"अगं, नुसता कागदावर पत्ता बदलायचा. जानेवारीत परत ने."

"आप्पा, मी घराच्या सोडतीचे अर्ज भरतेय. त्यात काही बिघडणार नाही ना?"

"बत्तीस वर्षं या खिडकीवर बसलोय मी. मला शिकवतेस?"

"बरं, हरले! माझा सहीचा शिक्का आईच्या कपाटाच्या खणात आहे. तुम्हीच मारा."

खरं तर दल्सूला सोडतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. हवोनमध्ये नदीकाठच्या नव्या इमारती अर्ध्या रिकाम्या पडल्या होत्या. घरासाठी लोक चिठ्ठ्या टाकतात हे तो फक्त बातम्यांत ऐकायचा. पण 'मला माहीत नाही' म्हणायची सवय खिडकीमागच्या माणसाला नसते, तशी त्यालाही नव्हती.

एकतीस डिसेंबरला आकडा निघाला एक लाख अकरा. कचेरीत केक कापला, टाळ्या झाल्या. तेहतीस दिवस हवोनला राहून हेइनचा पत्ता जानेवारीत सोलला परत गेला. इतरांच्या मेहुण्या-पुतण्यांचेही गेले, आणि मार्चमध्ये आकडा नव्याण्णव हजारांवर आला. भिंतीवरचा फलक कुणीतरी गुपचूप उतरवला.

एप्रिलमध्ये हेइनचा फोन आला. "आप्पा, लागलं! सोडतीत नाव लागलं माझं!" ती रडत होती की हसत होती कळेना. दल्सूच्या बायकोनं शेजारीपाजारी तांदळाच्या वड्या वाटल्या.

आठव्या दिवशी पुन्हा फोन आला, तेव्हा आवाज पार बसलेला. "आप्पा, त्या घरासाठी सोलमध्ये सलग दोन वर्षं पत्ता लागतो. तपासणीत मधला हवोनचा पत्ता सापडला. शुक्रवारपर्यंत खुलासा द्यायचाय, नाहीतर घर जाईल, आणि पुढची काही वर्षं अर्जही करता येणार नाही." मग ती म्हणाली, "तुमची चूक नाही हो. मीच नीट वाचायला हवं होतं."

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर दल्सूला सोसलं असतं. हे सोसेना. त्यानं तिच्या पत्त्यांचा उतारा काढला. सोल, हवोन, सोल. मधल्या ओळीत त्याचं स्वतःचं घर होतं. खरी नोंद पुसता येत नाही. खोटी रद्द करता येते, पण मग ती खोटी कुणी केली हे सांगावं लागतं.

"हेइनचे आप्पा, दोनच वर्षं राहिलीत हो," बायको काकुळतीनं म्हणाली. "पेन्शनचं काय?"

"आणि तिची नऊ वर्षं त्या तळघरात गेली, त्यांचं काय?"

गुरुवारी सकाळी त्यानं आपल्याच कचेरीत नंबराची चिठ्ठी घेतली आणि खिडकीच्या अलीकडे, अर्जदारांच्या बाजूला बसला. खिडकीवर यो कुमहीबाई होत्या, सतरा वर्षं त्याच्या शेजारी बसलेल्या.

"साहेब, खुर्ची चुकली की काय?" त्या हसल्या.

त्यानं कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं: माझी मुलगी हवोनमध्ये एक दिवसही राहिलेली नाही. आकडा वाढवण्यासाठी तिचा शिक्का मी तिच्या नकळत मारला. नोंद रद्द करावी.

कुमहीबाईंचं हसू मावळलं. "नकळत?" त्यांनी आवाज खाली आणला. "अहो, तुम्ही फोन केलात तेव्हा मी इथंच होते. 'मला शिकवतेस?' म्हणालात, तेव्हा हसलेसुद्धा होते."

"तुमचं लक्ष नव्हतं."

"नोकरी जाईल तुमची. आणि यानं घर वाचेल याची खात्री आहे का?"

"नाही. पण ती ओळ माझी आहे. तिच्या माथी कशाला?"

अर्जात खोटं लिहिणाऱ्या कितीतरी जणांना दल्सूनं याच खिडकीतून परत पाठवलं होतं. आता तो त्यांच्यासारखाच खिडकीचा काठ दोन्ही हातांनी धरून बसला होता. कुमहीबाईंनी कागद पुन्हा एकदा वाचला, मग कचेरीचा शिक्का उचलला.

"खरंय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं."

आणि त्यांनी शिक्का मारला.