आम्लातली मिठी

शनिवार, दिनांक १५ मार्च २०२५, सकाळचे साडेनऊ. राहाता तालुक्यातील साळूबाईंचा गोठा. तीन गाईंपैकी दोन आदल्या दिवशी मेल्या होत्या. तिसरी, सात महिन्यांची गाभण हरणी, माझ्यासमोर आडवी पडली होती. जीभ तोंडाबाहेर, डोळे मात्र पूर्ण जागे.

मी साळूबाईंचा शेजारी. बत्तीस वर्षे श्रीरामपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवले. गेल्या रविवारी मुरघासाची, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या चाऱ्याची, नवी बॅग फोडली, तेव्हा त्यांनी मला कुंपणावरून हाक मारली होती. दाबून भरलेल्या मक्याच्या कुट्टीत एक मांजर सापडले होते. चपटे झालेले, अर्धवट कुजलेले.

“समदी बॅग उकिरड्यावर टाकू का, सर? मला तर किळस आली.”

“किळस येणे हे कारण नव्हे,” मी म्हणालो. “मांजर काढा, भोवतीची वीतभर कुट्टी काढा. मुरघास आंबट असतो, गाईच्या पोटातही आम्ल असते. कुजण्यातून निपजणारे विष म्हणजे एक प्रथिन; आणि प्रथिन आम्लात टिकत नाही.”

“तुमी म्हनता म्हंजी झालं,” म्हणत त्यांनी पाटी उचलली.

आता माझाच जुना विद्यार्थी, पशुवैद्य डॉ. हर्षल, हरणीची जीभ ओढून पाहत होता. सोडल्यावर ती आत गेली नाही. तपासणीचा अहवाल यायचा होता. पण बॅगेतले मांजर आणि ही जीभ, एवढ्यावर त्याला शंका उरली नव्हती.

“बोट्युलिझम. कुजक्यातल्या विषानं होणारा लकवा,” तो म्हणाला.

“आणि आम्लाचे काय? प्रथिनाची घडी मोडली की विष संपले. हे मीच तुला शिकवले आहे.”

“एकटं असतं तर संपलं असतं, सर.” त्याने मोबाईलवर एक आकृती उघडली. दोन हातांची बोटे एकमेकांत घट्ट गुंतवावीत, तशी दोन प्रथिने. “तांबडं ते विष. निळं निर्विष, पण घडण बघा, भावंडंच वाटतात. आम्ल असेतो निळं तांबड्याला मिठीत धरून ठेवतं, मोडू देत नाही. पुढं आतड्यात आम्ल ओसरलं की मिठी सुटते. मग विष रक्तातून नसांच्या टोकांशी जातं, आणि स्नायूंना निरोप मिळायचा थांबतो.”

“मग त्याला निर्विष का म्हणता? ज्याच्या आश्रयाने विष तिथवर पोहोचते, त्याला ही संज्ञा लावणे सदोष आहे.”

“संज्ञेचं नंतर बघू, सर. मांजर सापडल्यावरही ही कुट्टी घालायला कोणी सांगितलं?”

साळूबाई हरणीच्या ओठांना ओले फडके लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, माझे नाव घेतले नाही. घेतले असते तर मला वाद घालता आला असता.

“मी,” मी म्हणालो.

हर्षलने मोबाईल खिशात टाकला.

“वाचंल का रं ही?” साळूबाईंनी त्याला विचारले.

“नाही, मावशी. गिळता येत नाही, श्वासही उथळ झालाय. यावरचा उतारा गुरांसाठी आपल्याकडं मिळत नाही.”

त्यांनी फडके पुन्हा बादलीत बुडवले.

“साळूबाई,” मी म्हणालो, “आम्लाविषयी मी जे बोललो ते खोटे नव्हते. ते अपुरे होते, इतकेच.”

“अपुरं न्हाई, सर,” त्या म्हणाल्या. “चुकीचं सांगितलं तुमी.”