ठाणेदाराच्या केबिनची भिंत

आमच्या गावात नगरपरिषदेनं ठाणेदाराच्या मानाचा एखादा ठराव मंजूर केला की पोलीस ठाण्यातली मधली भिंत कोठडीच्या बाजूला सरकते. भिंतीच्या एका अंगाला ठाणेदाराची केबिन आहे, दुसऱ्या अंगाला कोठडी. ठराव साधा असेल तर भिंत चार बोटं सरकते, एकमतानं झाला तर वीतभर. आवाज होत नाही. कोठडीच्या बाजूला थोडा चुना पडतो आणि हवालदार खंडारे तो झाडून काढतात.

यात कुणाला नवल वाटत नव्हतं, मलाही नाही. मला संताप येत होता तो वेगळ्या कारणानं. कोठडीत माझा भाऊ होता.

ठाणेदार आमच्याकडे नगरपरिषद निवडते. जुने ठाणेदार निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमाचा मंडप आमचाच होता. माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं बिछायत केंद्र आहे. गावातल्या कार्यक्रमांना खुर्च्या, सतरंज्या, कनाती, स्पीकर आमच्याकडून जातात. भावाचं नाव गुणवंत. केंद्राचंही तेच. त्या दिवशी ठाणेदारांची जीप उभी राहते त्या जागेत तो मंडपाचा खांब रोवत होता. साहेबांनी आतून हाक मारली. गुणवंतला कुणीही हाक मारली की तो हातातलं काम टाकून "आलो" म्हणतो, ही त्याची लहानपणापासूनची खोड. "आलो, साहेब," म्हणत तो आत गेला.

"तिथं खांब काऊन गाडला ते विचारायचं आहे. बस पाच मिनिटं," असं म्हणून साहेबांनी त्याला कोठडीत बसवलं. मग भाषणं झाली, शाल-नारळ झाला, साहेबांचे डोळे भरून आले आणि ते त्याच जीपमध्ये बसून निघून गेले. विचारायचं राहून गेलं.

"ज्या पदानं बसवलं त्याच पदाची सही लागते उठवाले," खंडारे मला म्हणाले. "अन् पद तर रिकामं हाय, ताई."

"मग कुलूप उघडा ना तुम्ही. चावी तुमच्याच कमरेला आहे."

"चावी माह्यापाशी हाय. उघडणं माह्यापाशी नाही."

खंडारे वाईट माणूस नाही. पण त्या क्षणी त्यांच्या कमरेला लटकणारी ती चावी पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पहिल्या ठरावात नवीन ठाणेदारासाठी फिरती खुर्ची मंजूर झाली. दुसऱ्यात एसी. मग पडदे, मग माशांची काचेची पेटी, मग मुख्य चौकात स्वागताचा फ्लेक्स, ज्यावर चेहऱ्याच्या जागी पांढरा गोल होता. ठाणेदार कोण, हा विषय दर सभेत शेवटी यायचा आणि वेळ झाली म्हणून तहकूब व्हायचा. मी रोज डबा घेऊन जात होते. आधी तीन पुडांचा डबा आत जायचा. नंतर गजांच्या आत डबा ठेवायला जागा उरली नाही, म्हणून मी ताटली न्यायला लागले. ताटलीही आडवी मावेना, तेव्हा नुसती भाकरी, उभी धरून. भाजी मी भाकरीलाच चोपडायची.

"कसा हायेस?" मी विचारायची.

"बरा हावो. आज तोंड खिडकीकडे केलं. काल दाराकडे होतं."

"झोपतोस कसा?"

"उभ्यानं. पडाची भीती नाही. दोन्हीकडून आधार हाय."

गुणवंत असंच बोलतो. आयुष्यात त्यानं तक्रार म्हणून केली नाही. ती मीच करायची, शाळेत असल्यापासून.

केबिनचं वेगळंच. कोठडीतून वीतभर जागा गेली की केबिनमध्ये अख्खी सतरंजी अंथरता येईल एवढी वाढायची. त्या सतरंज्याही आमच्याच दुकानातून मागवल्या जायच्या आणि मी त्या द्यायची, कारण त्या अंथरण्याच्या निमित्तानं मला आत जाता यायचं. बाहेरून ठाण्याची इमारत होती तेवढीच होती. आत मात्र खुर्ची इतकी लांब गेली की दारातून ती काडेपेटीएवढी दिसायची. तिथवर फडकं मारायला खंडारे सायकलवर जायचे.

उमेदवार आले तेव्हा मला वाटलं, सुटलो. अध्यक्ष भाऊसाहेब गावंडे आणि सगळे नगरसेवक केबिनच्या दाराशी आमच्या खुर्च्या टाकून बसले. उमेदवारानं चालत जायचं, फिरत्या खुर्चीवर बसायचं आणि दारातून तो कसा दिसतो ते यांनी पाहायचं, अशी मुलाखत होती. पहिला उमेदवार शांत, पिकल्या मिशांचा होता. खुर्चीपाशी पोचून तो बसला नाही, मागच्या भिंतीला हात लावला आणि मोठ्यानं म्हणाला, "ही चालते आहे. पलीकडे कोण आहे?"

मी दारामागून ओरडले, "माझा भाऊ आहे!"

"आधी मला कोठडी दाखवा," तो माणूस म्हणाला.

अध्यक्षांनी मान हलवली. "माणूस हुशार हाय. पण एवढ्या खोलीत दिसूनच नाही रायला."

दुसराही दिसला नाही. तिसरा धिप्पाड होता, दोन्ही हात पसरून बसला, तरी त्याचा ठिपकाच दिसला. सगळ्यांना नापास केलं आणि असा ठराव केला की या पदाला शोभेल असा मोठा माणूस शोधावा. हा ठरावही मानाचाच होता. भिंत पुन्हा सरकली, केबिन आणखी लांबली, म्हणजे आता त्याहून मोठा माणूस लागणार होता. एवढं साधं यांच्या डोक्यात शिरत नव्हतं, की शिरत होतं आणि यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं होतं, ते मला कळलं नाही. दोन्हींचा मला सारखाच राग आला.

पुढच्या सभेला मी उभी राहिले. सभागृहातल्या सतरंज्या, खुर्च्या आमच्या. त्यामुळे मला कुणी अडवत नाही, फक्त बोलायची परवानगी नसते.

"भाऊसाहेब," मी म्हणाले, "तुमचा थाटमाट पुरे झाला. कुणालाही निवडा. बुटका निवडा, लंगडा निवडा, पण आज निवडा. माझा भाऊ तिकडं चेंगरतो आहे. त्याचा गुन्हा काय? एक खड्डा खणला. तोही तुमच्या साहेबांच्या निरोपासाठी!"

 अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज खरोखर हळवा झाला होता.

"मंदाताईच्या भावना बरोबर हायेत. दुःखी बहिणीनं ठाण्यात येऊन उभं कायले राहावं? माही सूचना अशी हाय का ठाणेदाराच्या केबिनमंधी महिला तक्रारदारांसाठी एक सोफा ठेवण्यात यावा."

"अनुमोदन," सगळे म्हणाले.

"एकमतानं मंजूर."

"नाही!" मी ओरडले. पण टाळ्या वाजत होत्या. काही जण उभे राहून माझ्याकडं पाहून टाळ्या वाजवत होते. मी चप्पल न घालता ठाण्याकडे पळाले. खंडारे चुना झाडत होते. गुणवंतचा एक गाल गजांना लागला होता आणि दुसरा भिंतीला.

"आज कोणतं मंजूर झालं?" त्यानं विचारलं.

"सोफा. माझ्यासाठी."

त्यानं डोळे तेवढे माझ्याकडं वळवले. मग म्हणाला, "चांगलं झालं. तुहे गुडघे दुखतात."

मला तिथं रडू फुटलं, आणि रडता रडताच मला सुचलं. मी सभागृहात परत गेले, हमालांना बोलावलं आणि सगळ्या खुर्च्या उचलायला लावल्या. नगरसेवक बसलेले असतानाच. एकेकानं उठायचं, आम्ही खुर्ची दुमडायची. मग सतरंज्या गुंडाळल्या. शेवटी अध्यक्षांची उंच पाठीची खुर्ची उरली, तीही आमचीच.

"मंदाताई, हे काही बरोबर नाही," अध्यक्ष म्हणाले.

"उठा."

ते उठले. सगळे फरशीवर उभे राहिले. थोड्याच वेळात त्यांचे पाय दुखायला लागले, कुणी एका पायावर तर कुणी दुसऱ्यावर भार टाकू लागले. उभ्यानं यांना भाषण करता येत नाही, हे मला अनेक कार्यक्रमांवरून ठाऊक होतं. इतके दिवस तहकूब होणारा विषय पाय दुखल्याबरोबर वर आला. ठाणेदार निवडला गेला. कोण ते मला कळलं नाही. दाराजवळ एक इस्त्रीचा गणवेश घातलेला माणूस उभा होता, त्याच्याकडं सगळ्यांनी बोट दाखवलं. तो मघापासून तिथं होता की कसं, कुणी विचारलं नाही. त्याचा चेहरा फ्लेक्सवरच्या पांढऱ्या गोलाएवढाच स्वच्छ होता.

मी त्याच्यापुढे गेले. "साहेब, एक सही पाहिजे."

"देतो ना," तो म्हणाला. "पण सत्कार व्हायच्या आधी कारभार हाती घेत नाहीत. तशी पद्धत आहे."

खरंच तशी पद्धत आहे. ती नाकारायचं मलाही सुचलं नाही.

सत्कार केबिनमध्येच ठेवला. फिरत्या खुर्चीच्या मागे, मधल्या भिंतीला लागून, मंच उभारला. सतरंज्या आमच्या, स्पीकर आमचा. माइक अध्यक्षांच्या हातात. साहेब मध्ये बसले आणि अख्खं गाव शाल-नारळ घेऊन रांगेत लागलं. पहिली शाल अध्यक्षांनी घातली. माझ्या डोळ्यांदेखत भिंत सूतभर सरकली.

मी मंचावर चढून अध्यक्षांचा हात धरला. "थांबवा हे. शालीनंसुद्धा सरकते आहे."

"मान तर मान हाय, ताई. ठरावाचा काय अन् शालीचा काय."

"मग आधी सही घ्या. मग दिवसभर शाली घाला."

"लोक रांगेत उभे हायेत. त्याइचा हिरमोड कायले करता?"

मी रांगेकडं पाहिलं. व्यापारी संघ, पतसंस्था, भजनी मंडळ, दोन्ही शाळांचे मुख्याध्यापक. सगळे ओळखीचे. यातल्या निम्म्या घरांतल्या लग्नांचे मांडव गुणवंतनं घातले होते, पोरींच्या पाठवणीला त्यांच्याबरोबर रडला होता. मी एकेकाला म्हणाले, "तुम्ही तरी जा ना घरी. एक शाल कमी झाली तर काय बिघडतं?" प्रत्येकानं तोंड भरून सहानुभूती दाखवली. प्रत्येक जण म्हणाला, माझ्या एकट्याच्या शालीनं काय होणार आहे. आणि शाल सरळ करून पुढं सरकला.

साहेबांच्या अंगावर शालींचा ढीग झाला. वर फक्त चेहरा राहिला. आता मात्र ते त्या एवढ्या मोठ्या खोलीतही दारातून दिसत होते.

"साहेब," मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "हात तरी बाहेर काढा. सही करायची आहे."

"शेवटची शाल झाली की," ते म्हणाले.

मग मी भिंतीपाशी गेले. तिला पाठ टेकवली, हात मागं नेऊन भिंतीतली पडद्याची दांडी धरली, टाचा सतरंजीत रोवल्या आणि भिंत माझ्याकडं ओढून धरली. मंडपाचा खांब झुकायला लागला की आम्ही भाऊबहीण धरतो तशीच, एकानं ओढायचं, दुसऱ्यानं ढकलायचं. भिंत नुसत्या कनातीएवढी पातळ लागत होती. तिच्यातून मला गुणवंतची पाठ कळली. गरम होती. त्यालाही माझी कळली असणार, कारण तो पलीकडून जोर लावत होता आणि भिंत थांबली होती. दोन शाली झाल्या, तीन झाल्या, भिंत जागची हलली नाही. मी ओठ आवळून उभी होते.

"ताई, थोडं पुढं या नं," फोटोवाला म्हणाला. "मांगं सावली पडते."

"काढ तसाच."

त्यानं तसाच काढला. रांग संपत आली होती. एक मुख्याध्यापक उरले, त्यांचीही शाल झाली. साहेबांनी शालींच्या आतून एक हात बाहेर काढला. खंडारे सायकलवरून पेन घेऊन निघालेले मला दिसले. "थोडा वेळ," मी भिंतीला म्हणाले. "दम धर, गुणवंत. आता थोडाच वेळ."

अध्यक्षांनी माइकवर बोट आपटलं. "एक नाव राहूनच गेलं होतं," ते म्हणाले. "ज्याइनं आजचा हा मंच, ह्या सतरंज्या, हे स्पीकर पुरवले, ते गुणवंत बिछायत केंद्राचे मालक श्रीयुत गुणवंत तायडे. त्याइनं मंचावर यावं अन् साहेबांचा सत्कार करावा."

टाळ्या वाजल्या.

"आलो, साहेब," पलीकडून गुणवंत म्हणाला, आणि माझ्या पाठीमागची त्याची पाठ सुटली.

भिंत मला घेऊन मागं सरकली आणि माझ्या टाचांखालची सतरंजी गोळा व्हायला लागली.