सखूचा हात आणि माझं पातं

मी गवत कापायची मशीन बोलतेय. पेट्रोलवर चालणारी, चार चाकांची, दोरी खेचली की धडधडणारी. माझ्या पोटाखाली लोखंडी पातं आहे. त्या पात्यानं एका बाईचं काय केलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझी सुरुवात अंबरनाथच्या एका कारखान्यात झाली. ऑफिससमोर हिरवळ होती. मला चालवायला एक माळी होता, आणि कापलेलं गवत गोळा करायला मालिनी. अकरा वर्षं ती माझ्यामागून वाकून चालली. माझ्या दांड्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती. माळी जेवायला गेला की ती माझ्या चाकांत अडकलेल्या काड्या काढायची, कुणी सांगितलेलं नसताना.

मग कारखाना बंद पडला. माणसं घरी गेली, मी भंगारात. उल्हासनगरला मुकेशच्या वर्कशॉपमध्ये, जुन्या पंपांच्या ढिगात मी दोन पावसाळे काढले. टाकीतलं पेट्रोल चिकट झालं, उंदरानं फिल्टर कुरतडला. मालिनीचंही घरी तसंच चाललं होतं. घासलेली भांडी पुन्हा घासायची, गॅलरीत येरझारा घालायची. हे तिनं पुढे मुकेशला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

एक दिवस माझा पत्ता विचारत विचारत ती वर्कशॉपमध्ये आली आणि तिनं मला विकत घेतलं. मुकेशनं मला साफ केलं, पातं धार लावून बसवलं आणि म्हणाला, "ताई, ये बसून राहणारी चीज नाही. चालवत रहा, नाहीतर जाम होईल." मालिनी म्हणाली, "माझंपण तसंच आहे."

बदलापूरच्या बाजूला नव्या सोसायट्या उठत होत्या. प्रत्येकीच्या जाहिरातीत हिरवळ. प्रत्यक्षात वर्षभरात कमरेएवढं गाजरगवत. मालिनी मला तीनचाकी टेम्पोत घालून गेटागेटावर जायची. वॉचमन विचारायचे, माळी कुठे आहे? ती दोरी खेचायची. गॅलऱ्यांतून माणसं बघत उभी राहायची. एका सोसायटीचं काम बघून दुसरीनं बोलावलं. वर्ष सरलं तेव्हा आमच्याकडे पाच सोसायट्या होत्या.

बदलापूरजवळच्या सोनिवलीला, एका सोसायटीत सखू भेटली. पन्नाशीची, काखेत विळा. कापलेलं गवत म्हशीला न्यायला यायची. जिथे आता ती हिरवळ होती, तिथे पूर्वी तिच्या सासरचे लोक भात लावायचे. माझ्याकडे ती चांगल्या नजरेनं बघायची नाही. म्हशीचं पोटही भरत नाही असलं गवत वाढवायचं आणि वर कापायचं कशाला, असं तिनं मालिनीला विचारलं. मालिनी हसली, आणि आठवड्याभरानं तिला कामावर घेतलं. कुठली मुळं उपटायची, कुठे पाणी साचणार, हे सखूला न बघता कळायचं. ती जमीन तिच्या पायांना पाठ होती.

काम वाढलं तशी मालिनीची तगमगही वाढली. दिवसाला दोन जागांच्या तीन झाल्या. चहा उभ्यानं, जेवण टेम्पोत. फोन वाजला की तिचे डोळे चमकायचे. मी गार व्हायच्या आत पुन्हा तापायचे.

श्रावणातली गोष्ट. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन, त्याआधी हिरवळ नीट हवी, असा सोनिवलीच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा तगादा. सकाळी सरी येऊन गेल्या होत्या. ओलं गवत कापू नये, हे मालिनीला ठाऊक होतं. तरी कापायला घेतलं. माझ्या पोटाखाली लगदा साचला, पातं अडकलं, मी बंद पडले. मालिनी फोनवर होती. नव्या कॉम्प्लेक्सचं काम येत होतं. फोनवर हात ठेवून ती म्हणाली, "सखू, काढ गं ते पटकन. अजून दोन जागा आहेत."

माझ्या पुढच्या बाजूला प्लगची तार असते. खाली हात घालायच्या आधी ती ओढून काढायची. नाहीतर हातानं पातं फिरलं की इंजिन पुन्हा ठिणगी घेऊ शकतं. माळी अकरा वर्षं ती तार काढायचा आणि मालिनी बघायची. पण सखूला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं लगदा ओढला. पातं हललं. मी फक्त अर्धा फेरा घेतला.

उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. सखू ओरडली नाही. खाली बसली आणि हात पदरात गुंडाळला. ओरडली ती मालिनी.

दुसऱ्या दिवशी हवालदार मला बघायला आला. तो यायच्या आधी सेक्रेटरींनी मालिनीला बाजूला घेतलं. आवाज मऊ होता. ती गवत न्यायला आलेली गावातली बाई, असं सांगा. तुमची नाही, आमचीही नाही. कशाला लफडं वाढवायचं?  हवालदारानं वही उघडली तेव्हा मालिनी पुढे झाली.

"ती माझी कामगार आहे," ती म्हणाली. "घाई माझी होती. तार काढायची मी शिकवली नव्हती. लिहा."

ती सोसायटी गेली, पाठोपाठ आणखी दोन गेल्या. नवं कॉम्प्लेक्स तर आलंच नाही. मी जिन्याखाली पडून राहिले. मालिनी रोज सोनिवलीला जायची आणि सखूच्या म्हशीसाठी विळ्यानं चारा कापायची. सखू तिच्याशी बोलायची नाही. चारा मात्र परत पाठवायची नाही.

दिवाळीनंतर सखू स्वतः मालिनीच्या घरी आली. मला जिन्याखालून बाहेर काढायला लावलं.

"राग हाय माझा तुझ्यावर," ती म्हणाली. "जायाचा नाय तो. पन घरात बसून लई वाढतोय. मला ती तार दाखव."

मालिनीनं दाखवली. सखूनं ती उरलेल्या बोटांनी काढली, लावली, परत काढली. दहा-बारा वेळा. मग मला आडवं करून तोच हात पात्याखाली घातला. माझ्यात तेव्हा ठिणगी नव्हती, तरी मला भीती वाटत होती. हात बाहेर आला. मालिनी तोंड फिरवून रडत होती.

आता आमच्याकडे कामाला सहा बायका आहेत आणि तीन नव्या मशिनी. ओल्या दिवशी काम बंद. माझं इंजिन धूर टाकतं, म्हणून हिरवळीवर मला कुणी नेत नाही. नव्या बाईला आधी माझ्यापाशी आणतात. सखू माझ्यावर हात ठेवते, पाचही बोटं पसरून, पुरती तीन आणि अर्धी दोन, आणि ती बाई नीट बघेपर्यंत गप्प राहते. मग शिकवणं सुरू होतं.

बसून राहायची मला सवय नाही. अजूनही कुणी दोरीला हात लावला की वाटतं, निघावं. पण माझं काम आता हेच आहे. तुमच्या दारी माझ्यासारखी एखादी असेल, तर हात घालण्याआधी तार काढा. आणि पटकन कर असं कुणी म्हणालं, तर त्याला फोन संपवून स्वतः यायला सांगा. गवत तेवढ्यात वाढत नाही.