गावची बाग, तुरिदची राखण

समुद्रकाठच्या हेल्लेविक गावच्या समाजगृहाची वार्षिक सभा म्हणजे मुक्यांचा मेळावा. अध्यक्षासाठी नाव सुचवा म्हटलं, की सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघू लागत. जो बोलेल त्याच्याच गळ्यात काम, हे साऱ्यांना ठाऊक! मग कुणीतरी म्हणे, “तुरिद आहेच की.” टाळ्या पडत, ट्युलिपचा गुच्छ हाती येई आणि तुरिद आणखी एका वर्षासाठी अडकून पडे.

यंदा मात्र तिचा जीव घुसमटला. लेक सिग्नी दूर ट्रॉम्सोला, पहिलटकरीण. “आई, उन्हाळाभर येशील ना?” असं तिनं दोनदा विचारलं होतं. इकडे जुन्या समाजगृहाची डागडुजी अर्धवट, अंगणात गावासाठी बाग करायची ठरलेली. आपण गेलो की सगळं बोंबलणार, या विचारानं तिला झोप लागेना.

शनिवारी दुग्नाद होता, म्हणजे गावानं मिळून फुकट राबायचं आणि शेवटी वॅफल खायचे. पहिल्या खेपेला अंगण माणसांनी भरलं होतं. आज आला फक्त अस्लाक, फेरीबोटीवरून निवृत्त झालेला म्हातारा.

“गाव आळशी झालंय,” पीठ ढवळत तुरिद म्हणाली. “मी मेले तर माझ्या अंत्यविधीची कॉफीसुद्धा मलाच करून ठेवावी लागेल.”

अस्लाक हसला नाही. “खिडक्या कुणी रंगवल्या गं?”

“शाळेतल्या मुलांच्या आईबापांनी.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

तुरिदनं पिठात डाव जोरात फिरवला. दुसऱ्या दिवशी तिनंच त्या पुन्हा रंगवल्या होत्या. ओघळ आले होते, मग काय करणार?

“मी लावलेली बेरीची झुडपंही उपटून तू ओळीत लावलीस. मी पाहिलं आणि गप्प बसलो, इथे कोण बोलतंय? अगं, केलेलं काम उद्या पुसलं जाणार असेल, तर माणूस येईल कशाला? गाव तुझ्यावर ढकलतं, हे खरंच. पण आतून कडी तूच लावून घेतलीस, पोरी.”

“मग वाकडंतिकडं होऊ देऊ?”

“होऊ दे की. गावाचं तरी होईल.”

तिनं डाव आपटला. राग आला, मग रडू आलं. आणि त्या दिवशी हेल्लेविकमध्ये कुणी कधी न केलेली गोष्ट तिनं केली. दारोदार जाऊन सांगितलं, “मला आता झेपत नाही. मला लेकीकडे जायचंय.”

लोक ओशाळले. पुढच्या शनिवारी आले, चुकले, आपसात भांडले, कामाला लागले. तुरिद हात पाठीशी घट्ट धरून नुसती उभी राहिली. एवढं जड काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं!

निघाली त्या दिवशी तिनं फेरीबोटीवरून मागे पाहिलं. बागेतला नवा बाक समुद्राकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला! खाली उतरून तो वळवावा, असं तिला फार वाटलं. तेवढ्यात अस्लाक आणि दोन म्हाताऱ्या त्यावर येऊन बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारू लागले. पाणी त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. त्यांना आता माणसं पाहायची होती. हे तुरिदला कधीच सुचलं नसतं.

मंडळी, सार्वजनिक काम एकाच्याच माथी मारणं हा अन्याय आहे, आणि तो आपण टाळ्या वाजवत करतो. पण ज्याच्या माथी ते पडतं, त्यानंही दुसऱ्याचा हात लागू द्यायला शिकावं. बोट सुटली, आणि तुरिद उतरली नाही.