सिंधुताईची साखर

भय्याजीनं कॉम्प्युटरचा पडदा देवरावकडे वळवला आणि त्यावर बोट ठेवलं.

"काका, ये देखो. क्लेम रिजेक्ट."

जुनवानीतलं भय्याजीचं ट्रॅव्हल एजन्सीचं ऑफिस म्हणजे काचेचा डबा. भिंतीवर पांढरं जहाज, जहाजावर पोहायचा तलाव, तलावात दात दाखवणारी माणसं. हेच चित्र दाखवून त्यानं कारखान्यातून रिटायर झालेल्या आठ जोडप्यांना सिंगापूरची क्रूझ विकली होती. पाण्यावरचं चालतं हॉटेल! देवरावनं ग्रॅच्युइटीतून पैसे भरले. त्याच्या बायकोनं, सिंधुताईनं, साठीत पहिल्यांदा सलवार-सूट शिवला, शेजारणींनी चिडवलं तरी घालून दाखवला. आणि मग तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आता सात जोडपी जहाजावर जाणार होती आणि सिंधुताई एक दिवसाआड डायलिसिसच्या मशीनवर.

इतक्या उशिरा रद्द केलं तर भरलेले पैसे परत नाहीत, असं जहाजवाल्यांनी कळवलं. त्याचं देवरावला काही वाटलं नाही. त्याच्यासाठीच तर विमा काढला होता. आजारपण आलं की विमा सगळे पैसे देतो, हे भय्याजीनंच त्याच्या तोंडात पेढा कोंबत सांगितलं होतं.

"कावून रिजेक्ट?"

"काकीला नऊ साल से शुगर आहे ना? हॉस्पिटलच्या रेकॉर्डमध्ये आहे. विमा कंपनी म्हणते, शुगरनंच किडनी गेली. आणि फॉर्मात आपण लिहिलं, कोणताही आजार नाही. मतलब छुपाया."

"आपण कायले? तू लिवलं. मले इचारलं तरी होतं का?"

"पूछता, तो क्या बोलते?"

विचारलं असतं तरी देवरावनं हेच सांगितलं असतं. सिंधुताईला साखर नव्हती. कधीच नव्हती. तिच्या किडन्या खाल्ल्या त्या गुडघेदुखीच्या गोळ्यांनी. मेडिकलवाल्याकडून मूठभर आणायची आणि शेंगदाण्यासारख्या खायची.

साखर होती वंदनाला, देवरावच्या धाकट्या भावाच्या बायकोला.

दोघे भाऊ एकाच गेटानं कारखान्यात जायचे. भट्टीची धग दोघांना सारखीच लागायची, धूळ दोघांच्या छातीत सारखीच बसायची. पण देवराव परमनंट आणि फकिरा ठेकेदाराचा मजूर. म्हणून कारखान्याच्या दवाखान्याचं फुकट उपचाराचं कार्ड देवरावच्या घरी होतं आणि फकिराच्या घरी नव्हतं. हा काय न्याय आहे, हे कोणत्याही साहेबाला विचारा. तो घड्याळ बघेल. वंदनाची साखर निघाली त्या दिवशी सिंधुताईनं आपलं कार्ड तिच्या हातात दिलं. "जा, माह्या नावानं उभी राह्य. डोक्यावर पदर घे, फोटो कोन पाह्यते." त्यांच्या रिसालीतल्या कित्येक घरांत हे चालायचं. कोणाची सासू विहिणीच्या नावानं डोळे तपासून यायची, कोणाचा साळा मेव्हण्याच्या नावानं पट्टी बांधून. कोणी त्याला चोरी म्हणत नव्हतं. घरातली माणसं मरू द्यायची नाहीत, एवढंच.

देवरावनं भय्याजीला सगळं सांगून टाकलं. भय्याजी हसला.

"इतनी सी बात? हॉस्पिटल से लिखवा लो, शुगरवाली औरत दुसरी होती म्हणून. शिक्का पाहिजे, बस. पूरा पैसा वापस."

शिक्का! हॉस्पिटलनं तसं लिहून द्यायचं म्हणजे आधी देवरावनं तिथं कबूल करायचं की नऊ वर्षं आम्ही दुसऱ्याच बाईला पाठवलं. मग कार्ड बंद. आणि कार्ड बंद म्हणजे सिंधुताईचं मशीन बंद. तोंड शिवून बसावं, तर जहाजाचे पैसे गेले. तेच पैसे रायपूरच्या हॉस्पिटलात भरायचे होते. देवरावची किडनी सिंधुताईला जुळली होती, ऑपरेशनची तारीख मिळाली होती. कारखाना काही भाग देणार, बाकीचं आधी भरा. ते बाकीचं म्हणजेच हे पैसे. दुसरं काही उरलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं फकिरा आणि वंदनाला बोलावून घेतलं. फकिरा भिंतीला टेकून बसला, खाली मान घालून. बोलली वंदनाच.

"मी सांगतो न भाऊजी. म्हनतो, मी कार्ड चोरलं. जाऊबाईच्या कपाटातून. तुमाले काही मालूम नोयतं."

"मंग माहा गेटपास जाईल, कामच सुटंल," फकिरा म्हणाला.

"जाऊ द्या! तिच्या नावानं जगली मी इतके वर्स."

देवरावनं नको म्हणायला हवं होतं. मोठा भाऊ होता तो. पण त्याच्या डोळ्यांपुढं फक्त मशीनवरची सिंधुताई होती, मातीसारख्या रंगाची. तो म्हणाला, "सकाळी माह्यासंग चाल."

सकाळी वंदनाला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधल्या बाकावर बसवून देवराव आत गेला. सिंधुताईच्या दंडातून रक्त नळीत जात होतं. त्यानं वाकून सगळं तिच्या कानात सांगितलं.

"तू हो म्हन फक्त," तो म्हणाला.

एवढ्यात डॉक्टर प्रणिता आल्या. दुर्गच्या मराठी घरातल्या, वयानं लहान, बोलायला सरळ. हातात रिपोर्ट होते.

"काकू, एक विचारायचंय. ऑपरेशनसाठी सगळं पुन्हा तपासलं. तुमची साखर नॉर्मल आहे. डोळ्याचा पडदा साफ. नऊ वर्षांची शुगर असलेल्या पेशंटचं असं नसतं." त्यांनी आवाज खाली आणला. "कार्डावरच्या या शुगरच्या गोळ्या कोण खात होतं?"

देवरावचे ओठ उघडले. डॉक्टरांनी स्वतःच विचारलं होतं! आता बाहेर जाऊन वंदनाला आणायचं, बस.

"मीच खात होती," सिंधुताई म्हणाली.

"काकू."

"पथ्य पाळलं न मी. भात बंद केला."

"छत्तीसगडात राहून भात बंद?"

"हो."

दोन्ही वेळेला भात खाणारी बाई. डॉक्टरांनी पेन उघडलं. "तुम्ही जे सांगाल ते मला लिहावं लागेल. नंतर बदलता येणार नाही."

"लिवा. मलेच साखर होती."

"मॅडम, तसं नाही..." देवराव पुढं झाला. सिंधुताईनं मोकळ्या हातानं त्याचं मनगट धरलं. त्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

डॉक्टरांनी लिहिलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण या गोळ्या आजपासून बंद. अशा किडनीला त्या विष आहेत. कार्डावरून काढून टाकते."

त्या गेल्यावर देवराव दात खाऊन बोलला, "काय केलं तू हे? रायपूर गेलं न आपलं!"

"मशीन राह्यलं."

"कुठवर?"

"चालंल तोवर. तिले चोर करून कायची किडनी घेऊ मी? अन् वंदना चोर, तर कार्ड देनारी कोन? हॉस्पिटलवाल्यायले कळनार नाही का? दोन दिवसांत कार्ड बंद करतीन. तुमी येडे झाले."

तिचं खरं होतं. म्हणूनच त्याला तिचा इतका राग आला की मशीनची पिन उपटावी असं वाटलं. तो बाहेर आला.

वंदना उठली. तोंडात शब्द तयार ठेवून बसली होती. "जाऊ का आत?"

"नोको. तिनं सांगतलं, साखर तिलेच होती."

वंदना परत बसली. मग अगदी हळू म्हणाली, "मंग माह्या गोळ्या?" आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

देवरावचा हात वर गेला होता. तिच्या कानाखाली वाजवायला की आपल्या, त्यालाही कळलं नाही. "बंद केल्या," तो म्हणाला, आणि हात खाली आला.

दार उघडून आया ओरडली, "सिंधुताई देवराव! कौन है?"

आणि वंदना उठून उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला, पिशवी काखेत धरली, दोन पावलं पुढं गेली. औषधांच्या खिडकीवर हे नाव पुकारलं की नऊ वर्षं ती अशीच उठायची. आया तिच्याकडे बघत होती.

देवरावनं तिचा दंड धरून तिला खाली बसवलं आणि तो एकटाच आत गेला.